माळ्यावर वाळलेली वाइन

नमस्कार श्रोतेहो.

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडून आत्ता जे ऐकत असतील त्यांना बेदाण्याची शेड काय असते ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की लोखंडी सांगाड्यावर एकाखाली एक जाळ्या ताणलेल्या असतात, कडेनं शेडनेट असतं आणि हंगामात त्या जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली असतात. माझं माहेर द्राक्षबागायतदाराचं. इटलीत वेरोना शहराच्या उत्तरेला वाल्पोलिचेल्ला नावाचा डोंगराळ पट्टा आहे. द्राक्षं आधी माळ्यावर वाळवून मग केलेली अमारोने नावाची वाइन तिथली. तिथं ऐंशी उलटलेल्या एका वाइनवाल्या आजोबांकडे मी गेले होते. त्यांनी तळघराच्या आधी जिन्यानं थेट माळ्यावर नेलं, तेव्हा म्हटलं, चला, इथलं आपल्याला काहीतरी कळेल.

जानेवारी होता. बाहेर दंव गोठलेलं. वर लांबलचक माळा, दोन्ही भिंतींना समोरासमोर खिडक्या आणि मधे छतापर्यंत मांडण्या. मांडण्यांवर वेताच्या जुन्या चटया, त्यांना तिकडे आरेले म्हणतात. चटयांवर काळसर जांभळे घड एकाच थरात, एकमेकांना न टेकता ठेवलेले. त्या भागात पूर्वी घरोघर रेशमाचे किडे पाळत आणि शेताच्या बांधाला तुती असे. वसंतात याच मांडण्यांवर किडे असत आणि पीक निघालं की द्राक्षं. पुढे रेशमाचा धंदा बसला, द्राक्षं तेवढी राहिली.

आता फरक ऐका. आपण थॉम्पसन किंवा सोनाका जातीची द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतो. सालीवरचा मेणाचा थर त्यानं मोकळा होतो, पाणी भराभर उडतं आणि उन्हाळी कोरड्या वाऱ्यावर पंधरा-वीस दिवसांत बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो. तिकडे द्राक्ष कशातही बुडवत नाहीत, उन्हातही घालत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढलेले घड माळ्यावर जातात आणि तीन-चार महिने थंडीत नुसत्या वाऱ्यावर राहतात. वजन तिसऱ्या हिश्श्यानं कमी होतं, काही वेळा चाळीस टक्क्यांपर्यंत. मनुका व्हायच्या वाटेवर निम्म्यातच द्राक्ष थांबवायचं, असा हा प्रकार. साखर दाट होते, आंबटपणा उतरतो, सालीतही बदल होत राहतात, कारण तोडलेला मणी लगेच मरत नाही, आत त्याचं काम चालूच असतं. 1 डिसेंबरच्या आधी ही द्राक्षं चेचायला तिथल्या नियमानंच मनाई आहे.

आणि हे कालपरवाचं नाही बरं का. सहाव्या शतकात कॅसिओडोरस नावाचा, तेव्हा इटलीवर राज्य करणाऱ्या गॉथ राजांचा मंत्री होता. वेरोनाकडची ही वाळवलेल्या द्राक्षांची वाइन राजाच्या पंगतीला हवी म्हणून त्यानं लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. सरकारी पत्र असून त्यात वाइनचं वर्णन मात्र अगदी लाळ घोटत केलेलं आहे!

आजोबा एकेक चटई ओढून बघत होते. घड उचलायचा, उलटा करायचा, नाकाशी न्यायचा आणि मग अगदी आतला एखादा मणी दोन बोटांत दाबायचा. जिथं वारा पोचत नाही तिथं बुरशी आधी धरते. एका घडात मणी दाबला, साल सटकन सुटली आणि पिंगट लगदा बोटाला लागला. खिशातली छोटी कात्री काढून त्यांनी तो मणी छाटला, शेजारचे चार-पाच चांगले दिसणारेही छाटले आणि बादलीत टाकले. मी विचारलं, चांगले का टाकले? त्यांची नात इंग्रजीतून सांगत होती. म्हणाले, "ते उद्या वाईट होणार आहेत."

पावसाची भीती वाटते का, असंही मी विचारलं. आपल्याकडे शेडवर माल असताना अवकाळी आला की घरातलं बोलणंच बंद होतं, ते मला माहीत आहे. ते म्हणाले, पाऊस परवडला, धुकं नको. पो नदीच्या मैदानातलं धुकं वर चढलं की खिडक्या लावायच्या, पंखे सुरू करायचे. कोरडी थंडी पडली की पुन्हा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. रात्री उठून खिडक्या उघडझाप करण्यात त्यांचे कित्येक हिवाळे गेले. आता हिवाळा पूर्वीसारखा कोरडा राहिलेला नाही, म्हणून बऱ्याच जणांनी हवेतला दमटपणा ओढून घेणारी यंत्रं बसवली आहेत. यांनी पंखे घेतले, त्यापुढे गेले नाहीत. काही ठिकाणी यंत्रांच्या जोरावर वाळवण लवकर उरकतात, त्याबद्दल ते जे बोलले ते नातीनं भाषांतर करायचं टाळलं. हातवाऱ्यांवरून मला कळलं.

तोडणीलाच या वाइनचं निम्मं भवितव्य ठरतं. कोर्विना, कोर्विनोने आणि रोंदिनेल्ला या तिथल्या मुख्य जाती. कोर्विनाची साल जाड, म्हणून ती वाळवण सोसते. दाट भरलेला घड देखणा असला तरी माळ्यावर घेत नाहीत, सुटसुटीत घडच घेतात. बागा बऱ्याचशा मांडवावर, आपल्यासारख्याच. तिकडे त्याला पेर्गोला म्हणतात. उतारावर चुना न वापरता नुसता दगडावर दगड रचून ताली घातलेल्या आहेत. आजोबांचे वडील याच जमिनीत मालकाला निम्मं पीक देऊन राबत. चांगले घड कुणाच्या वाट्याला जात, हे सांगायला नकोच.

मग तळघर. इथं एक गंमत सांगायला हवी. वाळवलेल्या द्राक्षांच्या रसात साखर इतकी असते, आणि वर ऐन थंडी, की यीस्टला ती सगळी पचवता पचवता महिना-दीड महिना लागतो. मधेच थांबवलं तर साखर शिल्लक राहते, ती गोड वाइन म्हणजे रेचोतो. पूर्वीची खरी प्रतिष्ठेची वाइन तीच. शेवटपर्यंत आंबू दिलं तर साखर जवळजवळ संपते, अल्कोहोल पंधरा-सोळा टक्क्यांवर जातं आणि कडसर, धष्टपुष्ट वाइन होते, ती अमारोने. सांगतात असं, की 1936 साली तिथल्याच नेग्रार गावच्या सहकारी वाइन कारखान्यात रेचोतोचं एक पिंप विसरून राहिलं. उघडलं तेव्हा गोडवा गेलेला, पण वाइन झकास. ही गोष्ट त्या भागात इतक्या वेळा ऐकवतात की मला ती थोडी घासून गुळगुळीत केलेली वाटते. रेचोतो बिघडून कोरडी होणं त्याआधीही घडत असणारच. फक्त तेव्हा ते नुकसान म्हणून नोंदवत असतील. वाल्पोलिचेल्लाच्या वाइन्सना कायद्यानं संरक्षित नाव मिळालं 1968 मध्ये, आणि अमारोनेला इटलीतला सर्वांत वरचा दर्जा 2010 मध्ये.

चव घ्यायला बसलो तेव्हा आजोबांनी आधी साधी, न वाळवलेल्या द्राक्षांची वाल्पोलिचेल्ला ओतली. फिकट लाल, हलकी. जिभेच्या कडेला आंबटसर चुणचुण, पाडाला आलेल्या करवंदासारखी. दुसरी रिपास्सो. अमारोने काढून झाल्यावर जो चोथा उरतो त्यावर ही साधी वाइन ओततात आणि ती पुन्हा काही दिवस आंबते. चोथ्यात राहिलेला कस ती ओढून घेते. काटकसरी शेतकऱ्याची ही युक्ती मला मनापासून आवडली, चव मात्र अधलीमधली वाटली.

मग क्रोएशियातल्या स्लावोनिया भागातल्या ओकच्या मोठ्या लाकडी पिंपातून काढलेली अमारोने. नियमानं ती निदान दोन वर्षं मुरवायची असते, आजोबा त्याहून पुष्कळ जास्त ठेवतात. रंग गडद, कडेला विटकरी झाक. वासात मनुका, सुकं अंजीर, थोडा तंबाखू, थोडा कोको. घोट घेतल्यावर आधी गोडाचा भास होतो, कारण तोंड दाट फळानं भरून जातं, आणि गिळताना मागून कडवटपणा येतो. घशात जाळ नाही. सोळा टक्के अल्कोहोल असून जाळ जाणवू न देणं यातच बनवणाऱ्याचं कसब आहे. सोबत मोन्ते वेरोनेझे या डोंगरातल्या चीजचा जुना, कडक तुकडा होता. अशी वाइन नुसती पिऊ नये. दुसऱ्या पेल्यानंतर तर जेवणच हवं, हे मी अगदी गंभीरपणे सांगते.

1990 नंतर अमारोनेची जगभर मागणी वाढली, तशी सपाटीवरची, पाण्यावर फुगलेली द्राक्षंसुद्धा माळ्यावर जाऊ लागली. आज वर्षाला कोटीहून जास्त बाटल्या निघतात. एकूण पिकापैकी किती द्राक्षं वाळवायला घ्यायची यावर मर्यादा घालावी लागली ती यामुळेच. बाजारात हल्ली जॅमसारख्या गोडसर अमारोने पुष्कळ मिळतात. वाळवलं म्हणजे चांगलं झालं, असा समज त्यामागे आहे. नीरस द्राक्ष वाळवून दाट होतं, पण नीरसच राहतं.

परत आल्यावर नात्यातल्या मंडळींनी विचारलं, आपल्या शेडवर हे जमेल का? थॉम्पसनवर नाही जमणार. ते पातळ सालीचं, खायचं द्राक्ष. वाइनची काळी द्राक्षं आपल्याकडे नाशिक, अकलूज भागात होतात, पण आपण वर्षातून दोनदा छाटणी घेतो आणि माल निघतो जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे तोडणी होते आणि पाठोपाठ उन्हाळा सुरू. तीन महिन्यांची थंडी आणायची तर शीतगृह हवं, आणि त्याचं वीजबिल भरून बाटली कितीला विकायची, याचा हिशेब मी मांडून पाहिला तो इथं सांगत नाही.

एक शेवटचं. जाताना आजोबांनी रेचोतोची बाटली उघडली आणि नाताळातला उरलेला पान्दोरो, म्हणजे वेरोनाचा पिवळाधमक लोण्याचा केक, कापला. सगळं जग अमारोनेच्या मागे आहे आणि रेचोतो फारशी कुणी घेत नाही, म्हणून त्यांच्याकडेही आता ती अगदी थोडी होते. मला विचाराल तर त्या टेबलावरची सर्वांत सरस वाइन तीच होती. गोड खरी, पण आंबटपणा शाबूत असल्यामुळे चिकट अजिबात नाही. तुमच्यापैकी कुणी मुलाबाळांकडे युरोपात जाणार असाल आणि वाइन घेत असाल, तर दुकानात अमारोनेच्या फळीवर वेळ घालवू नका. रेचोतो देल्ला वाल्पोलिचेल्ला असं नाव सांगून मागा. बहुधा लहान बाटलीत मिळेल, थोडी गार करून घ्या.

वेळ झाली. येते मी. नमस्कार.