रांगतं बाळ आणि वजनकाटा

(ऑगस्टमधल्या स्तनपान सप्ताहात गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका महिला मंडळात बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग.)

आयांनो, पुढे पंख्याखाली येऊन बसा. बाळं रडली तर रडू द्यात, मला सवय आहे. आणि आज्यांनी मागे सरकू नये. निम्मं व्याख्यान तुमच्यासाठीच आहे.

सात-आठ महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन आई येते आणि तक्रार ठरलेली. 'डॉक्टर, हा दिवसभर वळवळतो, एका जागी थारत नाही, प्यालेलं अंगी लागत नाही.' मागून सासूबाईंची पुस्ती, 'हिच्या दुधात कस नाही.' या दुसऱ्या वाक्याचा निकाल आधी लावून टाकू. आईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात. आई बारीक असो की भरलेली, रोज मासळी खाणारी असो की शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणारी, यात फारसा फरक पडत नाही. दूध कमी पडू शकतं, पातळ पडत नाही.

आता वळवळीचं. बाळ रांगायला लागलं की वजन झडतं, अशी आपल्याकडे समजूत आहे. खरं कारण वेगळं आहे. पहिल्या महिन्यात बाळ जेवढी ऊर्जा घेतं, तिच्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग निव्वळ वाढीवर खर्च होतो. वर्षाचं होईतो हाच भाग तीन-चार टक्क्यांवर येतो. म्हणजे वेग मंदावणं हे ठरलेलंच आहे. पहिले तीन महिने दिवसाला २५-३० ग्रॅम, पुढचे तीन महिने १५-२० आणि सहा महिन्यांनंतर १० ग्रॅमच्या आसपास. आठवड्याला २०० ग्रॅम वाढणारं बाळ आता ७० ग्रॅम वाढतं, आणि नेमकं त्याच सुमारास ते रांगायला लागतं. दोष रांगण्यावर जातो.

७० ग्रॅम तर एखादी ओली लंगोटसुद्धा भरते. अंगणवाडीतल्या टांगत्या काट्यावर १०० ग्रॅमच्या खुणा असतात, वर झोळीत बाळ पाय झाडत असतं. अशा काट्यावर दर आठवड्याला वजन करून काय कळणार? सहा महिन्यांनंतर महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, कपडे काढून. आणि आकडा नुसता ऐकून घरी जाऊ नका, कार्डावरच्या आलेखात ठिपका मांडून घ्या. शेजारणीचा मुलगा नऊ महिन्यांचा आणि नऊ किलोचा, आपली मुलगी ७ किलो २००. तरी ती आलेखातल्या हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यात असते. जन्मतःच अडीच किलोची होती, आईवडील दोघंही किरकोळ बांध्याचे, आणि ठिपके आपल्या रेषेला धरून चढतायत. तिला काहीही झालेलं नाही.

इथे एक जुना घोळ सांगायला हवा. २००६च्या आधी जगभर वजनवाढीचे जे तक्ते वापरले जायचे, ते अमेरिकेतल्या मुलांवरून काढलेले होते आणि त्यातली बरीचशी मुलं डब्याच्या दुधावरची होती. अंगावर पिणारं बाळ पहिले दोन-तीन महिने त्या तक्त्यात छान चढायचं, मग घसरल्यासारखं दिसायचं, आणि आईला वरचं दूध सुरू करायला सांगितलं जायचं. जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांत, त्यात आपली दिल्लीही होती, आईच्या दुधावर वाढणारी मुलं मोजून २००६मध्ये नवा तक्ता दिला. पण 'तीन महिन्यांनंतर दूध पुरत नाही' ही समजूत जुन्या तक्त्याबरोबर गेली नाही. ती अजून घरोघरी नांदते आहे.

काळजी कधी करायची? जन्मानंतर दोन आठवडे उलटले तरी जन्मवजन भरून आलं नाही, दिवसाला सहाहून कमी वेळा लघवी होते, बाळ मलूल आहे, पिताना धापा टाकतं, घामाघूम होतं, किंवा आलेखातली रेषा सपाट होऊन खाली वाकली, तर लगेच दाखवा. लघवीतला जंतुसंसर्ग, हृदयाचा दोष, अशी कारणं असू शकतात आणि ती तपासून सापडतात. दृष्ट खुशाल काढा, माझी हरकत नाही, पण दवाखान्यात येऊन मग काढा.

बाकीच्या बाळांचं काय होतं ते सांगते. चार-पाच महिन्यांपासून त्यांना जग दिसायला लागतं. आता गणपतीची चवथ आली. घर पाहुण्यांनी भरणार, मातीची घुमटं वाजणार, गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी टांगलेली. आई कोपऱ्यात बसून पाजते आहे आणि बाळ दोन घोट घेतं, मान वळवतं, माटोळीतल्या सुपारीच्या शिपट्याकडे बघत बसतं. परत दोन घोट, तेवढ्यात कुणीतरी आरतीला टाळ वाजवतं. या बाजूचं पिऊन झालं असं वाटून आई बाजू बदलते. स्तन जसजसा रिकामा होत जातो तसतशी दुधातली स्निग्धता वाढत जाते, आणि या बाळाच्या वाट्याला दोन्हीकडचं सुरुवातीचंच दूध येतं. भूक भागते, वजन रेंगाळतं.

उपाय अगदी साधा आहे, फक्त सणासुदीच्या घरात कुणी तो करू देत नाही. आतल्या खोलीत जा, खिडकी लोटा, मोबाइल बाहेर ठेवा. झोपेतून उठल्या उठल्या आणि झोपेला आलेलं असताना पाजा, त्या वेळी चुळबुळ कमी असते. एक बाजू नीट संपू द्या; ओढ मंदावली की स्तन हाताने हलकेच दाबा, पुन्हा घोट सुरू होतात. रात्रीचं पाजणं बंद करायची घाई नको, दिवसा हिंडण्यात बुडवलेलं दूध ही पोरं रात्री वसूल करतात. सासूबाईंनी या वेळी एकच करायचं, दाराशी थांबून पाहुण्यांना अडवायचं.

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नको, मे महिन्यातही नको. दुधात ८८ टक्के पाणीच असतं. घुटी नको, मध तर वर्षापर्यंत अजिबात नको.

सहा महिन्यांनंतर मात्र दुधाला जोड लागते, आणि गोव्यात माझं खरं भांडण आहे ते पेजेशी. पेज मलाही आवडते. पण बाळाला आपण वरची निवळ देतो. बाळाच्या पोटात एका वेळी मावतं किलोमागे ३० मिलिलिटरच्या हिशेबाने, म्हणजे सात किलोच्या बाळाला साधारण २१० मिलिलिटर. त्यातलं बहुतेक पाणीच असेल तर पोट तट्ट फुगतं, आणि मग ते अंगावरही पीत नाही. चमचा घ्या, त्यात पेज घ्या आणि चमचा तिरका करा. घळाघळा ओघळली तर ती बाळासाठी नाही. चमच्याला धरून राहिली पाहिजे. उकडे तांदूळ शिजवून शितांसकट मऊ कुस्करा, मूगडाळ घाला, वर चमचाभर तूप किंवा खोबरेल. त्या एका चमच्यात ४५ कॅलरी आहेत. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाव्यतिरिक्त दिवसाला २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, तेव्हा त्या ४५ किती मोलाच्या ते बघा. नाचणीचं तिजण, म्हणजे नाचणीची खीर, तर घरोघरी होतंच. बाळासाठी दाट करा, नारळाचा रस घाला, गूळ मात्र आत्ता नको. मीठही नको. मुडदुशी मासळी वाफवून काटे काढा, एकदा काढून झाल्यावर बोटांनी चाचपून पुन्हा बघा, आणि भातात कुस्करा. रसबाळी केळं आहेच. आणि लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा, १ मिलिलिटर, आशाताई देतात ते. ते कपाटात ठेवू नका, लोह कमी पडलं की आधी भूकच मरते.

शेवटी चिठ्ठीवर आलेला एक प्रश्न. 'भाऊ बोटीवर आहे, तो येताना परदेशी डबा आणणार आहे, द्यावा का?' भावाचं प्रेम कळतं. आपल्याकडे १९९२पासून कायदा आहे, २००३मध्ये तो आणखी कडक झाला. बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करता येत नाही, आईला फुकट नमुना देता येत नाही. तरी डबे घरात येतातच, कधी विमानाने, कधी बोटीने. वजन रेषेवर असेल तर तो डबा उघडूच नका. तपासून डॉक्टरांनी वरचं दूध लिहून दिलं असेल, तर अपराधी वाटून घेऊ नका आणि डबा पुरवून पुरवूनही वापरू नका. डब्यातलाच चमचा, सपाट भरलेला, डब्यावर लिहिलंय तेवढंच उकळलेलं पाणी. आधी अंगावर पाजा, मग हे द्या, आणि बाटलीने नको, वाटी-चमच्याने द्या.