दोन उमराव

श्रोतेहो, नमस्कार. ‘उमराव जान’ म्हटलं की आपल्याला आधी आशाताईंचा आवाज ऐकू येतो आणि मग डोळ्यांपुढे रेखा येते. मुजफ्फर अलींचा हा चित्रपट १९८१चा. तो ज्या उर्दू कादंबरीवर बेतलाय ती मिर्झा हादी रुसवा यांची ‘उमराव जान अदा’, १८९९ची. नाव एक, गोष्टही बरीचशी तीच. पण आतली बाई मात्र एक नाही, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचंय.

कादंबरीतली उमराव उतारवयाची आहे. लखनौत शायरीची मैफल जमलीय, भिंतीपलीकडून एका बाईची दाद ऐकू येते. ती उमराव. मग रुसवा तिला बोलतं करतात. मध्येच प्रश्न विचारतात, चिमटे काढतात, आणि तीही तोडीस तोड उत्तरं देते. मूळची ती फैजाबादची अमीरन. शेजारच्या दिलावर खानला तिच्या वडिलांच्या साक्षीमुळे तुरुंगवास झाला होता. त्याचा सूड म्हणून त्याने या पोरीला पळवलं आणि लखनौला खानम जानच्या कोठ्यावर विकलं. इतकं भयंकर सांगतानाही बाईचा सूर रडका होत नाही. नवाबांना हसते, स्वतःलाही सोडत नाही. प्रेमाबिमावर तर तिचा फारसा भरवसाच नाही.

चित्रपटाने या रुसवांना काढून टाकलं. ऐकणारा गेला, तशी बोलणारी बाईही गेली! रेखाची उमराव मोजकंच बोलते. फारूख शेखच्या नवाब सुलतानवर जीव लावते, आणि त्याचं लग्न दुसरीकडे होतं तेव्हा आतल्या आत मिटते. अशा वेळी मला कादंबरीतली उमराव हवीशी वाटते. तिने दोन टोमणे तरी मारले असते.

बरं, मग या अबोल बाईच्या मनातलं आपल्याला कळतं कसं? ते काम शहरयार यांच्या गझला करतात आणि खय्याम यांच्या चाली. खय्यामसाहेबांनी सांगितलेला किस्सा आहे. त्यांनी आशाताईंना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला सांगितलं. आशाताई बिचकल्या. शेवटी ठरलं, एकदा खालच्या पट्टीत रेकॉर्ड करायचं आणि एकदा त्यांच्या नेहमीच्या. खालच्या पट्टीतलं ऐकल्यावर दुसऱ्याची गरजच उरली नाही. ‘दिल चीज क्या है’ नीट ऐका. आशाताईंचा तो ओळखीचा खट्याळपणा नाही, वर फेकलेली तान नाही. समोर बसून सांगावं तसे शब्द येतात. पडद्यावरून गेलेली ती बोलकी उमराव मला या आवाजात भेटते. आशाताईंना पहिला राष्ट्रीय पुरस्कार याच गाण्याने दिला. रेखालाही तो या भूमिकेसाठी मिळाला आणि खय्याम यांना संगीतासाठी.

जाता जाता एक. कोठ्यावर तिला लिहायला-वाचायला शिकवणारे मौलवी आठवतात? ते आपले गजानन जागीरदार. प्रभातच्या ‘शेजारी’तले मिर्झा!

कथेतला सगळ्यात बोचरा प्रसंग मात्र कानपूरचा. उमरावला एका बड्या घरी गायला बोलावतात. तिथली बेगम म्हणजे रामदेई, अमीरनच्याच वेळी पळवून आणलेली मुलगी. तिला कोठ्याऐवजी नवाबाच्या घरात विकलं, म्हणून ती बेगम झाली. आणि तिचा नवरा कोण, तर नवाब सुलतान. दोघीही विकलेल्याच, गिऱ्हाईक तेवढं वेगळं. मुजफ्फर अली इथे कुणालाही भाषण करू देत नाहीत. ते स्वतः अवधमधल्या कोटवाऱ्याच्या राजघराण्यातले, या हवेल्यांची अदब त्यांना आतून माहीत. उमराव गाते आणि बायका ऐकतात, बस्स.

ती गझल ‘जुस्तजू जिसकी थी’. उमरावचं शायरीतलं टोपणनाव ‘अदा’. कादंबरीच्या नावात ते आहे, चित्रपटाच्या नावातून गेलं. शहरयार यांनी ते या गझलेच्या मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, पुन्हा आणलं. ‘अदा’ अशी स्वतःलाच हाक मारून ती विचारते, की अजून काय हाल सांगायचा.

तीच गझल आता लावतो आहोत. मक्ता शेवटी येतो, तेव्हा तोवर रेडिओ बंद करू नका.