दिसतं, पण वाचता येत नाही

(नाशिकमध्ये वेबसाइट बनवणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय दिव्यांगांनाही वापरता येतील अशा वेबसाइट्स. कायद्याचं आधी उरकून घेतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. पुढे 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. वाद ऑनलाइन केवायसीचा होता. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या बाईंना कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करून दाखवायला सांगितलं होतं! तेव्हा 'कायद्यात कुठे आहे' ही सबब आता चालायची नाही.

मला बोलायचंय ते आपल्या मराठी साइट्सच्या खास दुखण्याबद्दल. अंध माणूस एनव्हीडीए किंवा टॉकबॅक यांसारखा स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम वापरतो, म्हणजे पानावरचा मजकूर ऐकतो. आता कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली एखादी सूचना घ्या. पडद्यावर झकास 'नाशिक' दिसतं. आत मात्र इंग्रजी अक्षरं आहेत: यू, के, एफ, अ‍ॅपोस्ट्रॉफी, के, डी. वाचकयंत्राच्या हाती तेच लागतं. त्याहून वाईट म्हणजे शिक्का मारून, स्कॅन करून चढवलेली पीडीएफ. तिथे अक्षरच नाही, नुसतं चित्र. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येऊन इतकी वर्षं झाली, तरी 'डीटीपीवाल्याने असंच दिलं' हे उत्तर ऐकून मला खरंच वैताग येतो.

युनिकोड वापरलात तरी पानाच्या कोडमध्ये भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, लिहा. बरेच जण तयार टेम्प्लेट उचलतात, त्यात इंग्रजी तशीच राहते आणि इंग्रजी आवाज देवनागरीसमोर अडखळतो किंवा सरळ गप्प बसतो.

फॉर्मचं तर विचारू नका. रकान्याला लेबल जोडलेलं नसलं की ऐकू येतं, 'एडिट, एडिट, बटन'. नाव कुठे, मोबाइल नंबर कुठे, सगळा अंदाजपंचे कारभार. रकान्यात फिकट अक्षरात लिहिलेली सूचना म्हणजे लेबल नव्हे. टाइप करायला लागलं की ती गायब होते. आणि ती फिकट अक्षरं कमी दिसणाऱ्यालाही वाचता येत नाहीत. डब्ल्यूसीएजी या वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान 4.5 ला 1 एवढा कॉन्ट्रास्ट लागतो. डिझायनर नाराज होईल, होऊ द्या.

व्हिडिओला कॅप्शन हवीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. हात थरथरणाऱ्यांचा विचार मात्र कुणी करत नाही. माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅब, एंटर, बाणांच्या कळांवर स्वतःच्या साइटवरचा फॉर्म भरून बघा. बहुतेक वेळा तारीख निवडण्याच्या कॅलेंडरपाशीच गाडी अडते.

सिंहस्थ तोंडावर आहे. निवास, वाहतूक, पार्किंग यांची पानं, अ‍ॅप्स आपल्यापैकीच कुणीतरी करणार. कंत्राट घेतानाच त्यात एक अट घालून घ्या: स्क्रीनरीडर रोज वापरणाऱ्या व्यक्तीने बुकिंग पहिल्यापासून पैसे भरेपर्यंत करून दाखवल्याशिवाय काम पूर्ण धरायचं नाही. आणि त्या व्यक्तीला त्या कामाचे पैसे द्या. फुकटात तपासून मागू नका.