'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांना न रुचणारी मतं

नमस्कार श्रोतेहो.

ज्या मालिकेवर लोक जीव टाकतात, तिच्यातली उणीदुणी जाहीरपणे काढायची म्हणजे लग्नघरात बसून जेवणाला नावं ठेवण्यासारखं आहे. तरी आज ते करणार आहे. विषय आहे 'स्टार ट्रेक'. नंतरच्या मालिका आणि सिनेमे नकोत. मी बोलतेय ती मूळ मालिका, भविष्यकाळातल्या 'एंटरप्राइज' या अंतराळ-जहाजावरच्या मंडळींची. ८ सप्टेंबर १९६६ ला ती अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि ३ जून १९६९ ला संपली. तीन सीझन, ७९ भाग. ऐंशीच्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवरही लागायची, आणि जहाजावरचा टोकदार कानांचा अधिकारी स्पॉक इथल्या मुलांनाही तोंडपाठ झाला.

माझं भांडण मालिकेशी कमी आणि तिची आरती करणाऱ्यांशी जास्त आहे. आरतीच्या धुरात मूर्ती नीट दिसत नाही.

आता तिसऱ्या सीझनचंच बघा. तो टाकाऊ, असं प्रत्येक चाहता डोळे मिटून सांगतो. पुरावा म्हणून एकच नाव पुढे येतं, 'स्पॉक्स ब्रेन'. २० सप्टेंबर १९६८ ला हा भाग लागला. एक परग्रहावरची बाई स्पॉकचा मेंदू काढून पळते आणि आपल्या भूमिगत शहराचा कारभार त्याच्यावर चालवते. इकडे बिनमेंदूच्या स्पॉकला रिमोटवर चालवत कप्तान कर्क आणि मंडळी मेंदू शोधायला निघतात. शेवटी डॉक्टर मॅकॉय शस्त्रक्रिया करता करता मध्येच अडतो, आणि टेबलावर पडलेला स्पॉक स्वतःच त्याला पुढचं काय करायचं ते सांगतो! आचरटपणा आहे, कबूल. पण कंटाळवाणा क्षणभरही नाही. उलट ज्या पहिल्या सीझनचे गोडवे गातात, त्यातला 'द ऑल्टरनेटिव्ह फॅक्टर' बघून दाखवा. पाहुण्या पात्राची दाढी एका दृश्यात दाट, तर पुढच्या दृश्यात विरळ. कथेचा पत्ता मात्र कुठल्याच दृश्यात नाही.

तिसऱ्या सीझनला बजेट कमी मिळालं. वेळ मिळाली शुक्रवारी रात्री दहाची, म्हणजे ज्या तरुणांनी ती बघायची ते नेमके घराबाहेर असायचे. निर्माता जीन रॉडनबेरीनं रोजच्या कामातून अंग काढून घेतलं. इतकं होऊनही 'स्पॉक्स ब्रेन'नंतर एकाच आठवड्यानं 'द एंटरप्राइज इन्सिडंट' लागला. त्यातली रोम्युलन या शत्रुपक्षाची कमांडर ही बाई आहे, हुशार आहे, आणि स्पॉकशी बरोबरीच्या नात्यानं बोलते. ते कोणाच्या लक्षातच राहत नाही.

बरोबरीचा विषय निघालाच आहे तर जहाजावरची संपर्क अधिकारी उहूरा हिच्याबद्दल बोलते. १९६६ साली जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे नियंत्रणकक्षात, एक कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी बसवणं ही मोठीच गोष्ट होती. ही भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडायला निघाल्या, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबवलं, ही आठवण त्या स्वतः सांगत. पण खुर्ची दिली म्हणून वाक्यं दिली असं होत नाही. 'द चेंजलिंग' या भागात नोमॅड नावाचं यंत्र उहूराची सगळी स्मृती पुसून टाकतं. वर तक्रार करतं की हिच्या डोक्यात नुसता गोंधळ आहे. त्यावर स्पॉक शांतपणे सांगतो, ती स्त्री आहे! पुढे तिला बाराखडीपासून शिकवायला घेतात आणि पुढच्या भागात बाई जागेवर हजर. जिची आख्खी स्मृती गेली, तिच्यावर एक धड दृश्य लिहावंसं कोणाला वाटलं नाही. या मालिकेला 'काळाच्या पुढची' म्हणताना मी तरी जरा दमानं घेते.

आता खान. आपल्याकडचे चाहते 'स्पेस सीड' या १९६७ च्या भागावर भारी खूश असतात, कारण त्यातला महाबली खलनायक भारतीय आहे. नाव खान नूनियन सिंग, शतकांच्या गोठलेल्या झोपेतून जागा झालेला. जहाजावरची इतिहासतज्ज्ञ त्याला बघून अंदाज बांधते की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा. दाढी नाही, पगडी नाही; पगडी दिसते ती तिनं काढलेल्या चित्रात. भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मॉन्टालबाननं, आणि झकास केली. पण यात आपण कॉलर ताठ करावी असं काय आहे, हे मला कधी कळलं नाही.

हा भाग थोर आहे तो वेगळ्याच दृश्यामुळे. विसाव्या शतकाच्या शेवटी पाव जगावर राज्य केलेला हुकूमशहा हाच, हे उघड होतं, आणि कर्क, मॅकॉय आणि जहाजाचा इंजिनियर स्कॉटी चक्क त्याचं कौतुक करू लागतात. त्याच्या राज्यात कत्तली झाल्या नाहीत म्हणे. स्पॉक चकित होतो. स्वातंत्र्यही नव्हतं, याची आठवण करून देतो. आणि आपले नायक हसून म्हणतात, आम्हा माणसांत एक रानटी अंश असतोच. आदर्श भविष्यातली ही आदर्श माणसं! इथे मालिका आपल्या लाडक्या नायकांना उघडं पाडते, आणि नेमकं हेच दृश्य चाहते गाळून बोलतात.

आता शिव्या खायची तयारी ठेवून सांगते. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' हा मालिकेतला सर्वोत्तम भाग नाही. ६ एप्रिल १९६७ चा हा भाग. कर्क आणि स्पॉक काळात मागे जाऊन १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये पोचतात. मंदीत गरिबांना जेवू घालणारी ईडिथ कीलर भेटते, कर्कचं मन तिच्यावर जडतं. मग कळतं की ती जगली तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उशिरा उतरेल आणि जर्मनी जिंकेल. म्हणून तिनं मोटारीखाली मरायला हवं. ईडिथचं काम जोन कॉलिन्सनं सुरेख केलंय, शेवट घशात अडकतो, सगळं मान्य. पण व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं असताना शांतता मागणाऱ्या बाईला मरू देण्यातच जगाचं भलं दाखवणं मला टोचतं. तिचं म्हणणं बरोबर, फक्त वेळ चुकीची, असं स्पॉक म्हणतो. शांतता मागणाऱ्यांना हे उत्तर दर पिढीत मिळतं.

माझा कौल 'द डेव्हिल इन द डार्क'ला. खाणीत एक खडकासारखा प्राणी, होर्टा, कामगारांना मारतोय. स्पॉक त्याच्या मनाशी मन जोडतो आणि वेदनेनं ओरडतो. होर्टा दगडावर आम्लानं जाळून दोन-तीन मोडके शब्द उमटवते. कळतं की खाणवाले ज्या गोल दगडांना कचरा समजून फोडत होते, ती तिची अंडी आहेत. डॉक्टर मॅकॉय 'मी काय गवंडी आहे का?' म्हणून कुरकुरतो आणि तिची जखम काँक्रीटनं लिंपतो. सिलिकॉनचा देह, डॉक्टर तरी काय करणार! शेवटी खाणवाले आणि होर्टा एकत्र कामाला लागतात, कारण तिची पिल्लं बोगदे खणण्यात पटाईत. भाषणबाजी नाही, दोन्ही बाजूंच्या फायद्याचा रोकडा तह. या भागात एकाही स्त्री पात्राला संवाद नाही, तरी सगळी कथा एका आईची आहे.

तो लिहिला जीन कून या माणसानं. क्लिंगॉन हे शत्रूही त्याच्याच लेखणीतून उतरले. दुसऱ्या सीझनच्या मध्यात तो निघून गेला, १९७३ मध्ये वारला. चाहते आजही सगळं श्रेय रॉडनबेरीच्या पदरात टाकतात. कल्पना त्याची, हे खरंच. पण तिच्यातलं जे मला पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं, त्यातलं निम्मं तरी कूनचं आहे. पत्रं जरूर पाठवा, रागाची असली तरी चालतील.