वाट पाहण्याच्या वेळेत

[दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग, सकाळ. यंत्रमागांचा आवाज.]

सोलापूरच्या पूर्व भागात चादरीच्या कारखान्याच्या दारात उभे राहिले, की मागांचा खडखडाट छातीत जाणवतो. आत एकच कामगार एकाहून अधिक माग सांभाळत असतो. कापड पुढे सरकण्याची वाट पाहत तो कोणत्याही मागासमोर थांबून राहत नाही. धोट्यातली कांडी संपली किंवा धागा तुटला, की तो माग बंद पडतो. कामगार तिकडे जातो, कांडी बदलतो, माग सुरू करतो आणि दुसऱ्या मागाकडे वळतो. माग विणत असतो तोवर त्याला माणसाची गरज नसते.

[दृश्य: जवळच्याच इमारतीतली खोली. टेबलावर संगणक, पडद्यावर सरकत्या ओळी.]

याच भागातल्या एका खोलीत मी पायथन या संगणकीय भाषेत क्रॉलर लिहितो. क्रॉलर म्हणजे एका वेबपानावरून दुसऱ्या पानाचे दुवे शोधत, पाने उतरवून घेत पुढे जाणारा प्रोग्रॅम. निरनिराळ्या संकेतस्थळांवरचे मराठी लेखन गोळा करून त्यातल्या शब्दांची यादी करावी आणि सोलापूरकडचे शब्द त्यात कुठे सापडतात ते पाहावे, हा माझा हेतू आहे. त्यासाठी हजारो पाने लागतात, आणि हजारो पाने मागायची म्हटली, की पहिला प्रश्न वेळेचा येतो.

हा वेळ नेमका कुठे जातो, ते आधी पाहू. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा एखादा सर्व्हर, म्हणजे पाने पुरवणारा संगणक, सोलापूरपासून सरळ रेषेत सुमारे 13,000 किलोमीटरवर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ टाकलेली असती, तरी एका फेरीला, जाऊन परत यायला, 130 मिलिसेकंद लागले असते. प्रत्यक्षातली केबल वळणे घेत जाते आणि वेळ त्याहून जास्त लागतो. नव्या जोडणीसाठी अशी एक फेरी टीसीपीची, म्हणजे जोडणी उघडण्याची, एक टीएलएस 1.3 च्या सुरक्षित बोलणीची, म्हणजे मजकूर गुप्त कसा ठेवायचा ते ठरवण्याची, आणि एक खुद्द पानाच्या विनंतीची, अशा तीन फेऱ्या होतात. नावावरून आयपी पत्ता शोधण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. दरम्यान 3 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर एकाच फेरीच्या काळात 39 कोटी ठोके मोजून मोकळा होतो. क्रॉलरचा बहुतेक वेळ असा काहीही न करता जातो.

समजा, 10,000 पाने आणायची आहेत आणि प्रत्येक पानाला सरासरी अर्धा सेकंद लागतो. एक पान मागायचे, ते येईपर्यंत थांबायचे आणि मग दुसरे मागायचे, अशा सरळ रीतीने लिहिलेला प्रोग्रॅम 5,000 सेकंद, म्हणजे जवळजवळ 1 तास 23 मिनिटे घेईल. कारखान्याच्या भाषेत सांगायचे, तर एका कामगाराला एकच माग दिल्यासारखे हे आहे. प्रत्येक विनंतीला वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमच्या आत स्वतंत्रपणे चालणारा कामाचा प्रवाह, देणे हा एक उपाय आहे आणि थोड्या विनंत्यांसाठी तो चांगला चालतोही. पण विनंत्या हजारोंच्या घरात गेल्या, की प्रत्येक थ्रेडची स्मृती आणि त्यांच्यातली अदलाबदल यांचा भार वाढत जातो.

असिंक्रोनस, म्हणजे उत्तरासाठी अडून न राहणाऱ्या, रीतीत थ्रेड एकच असतो, आणि त्यात इव्हेंट लूप नावाचे एक चक्र फिरत असते. विनंती पाठवली, की ते काम बाजूला ठेवून लूप दुसरे काम हाती घेतो. कोणत्या जोडणीवर उत्तर आले आहे, हे त्याला कार्यप्रणाली सांगते. लिनक्समध्ये ही सोय ईपोल या नावाने आहे. जुन्या सिलेक्ट या सोयीत दर वेळी सगळ्या जोडण्यांची यादी तपासावी लागे. ईपोल मात्र ज्यांच्यावर काही घडले आहे तेवढ्याच जोडण्या पुढे करते. सगळ्या मागांपाशी जाऊन एकेक पाहत बसणे आणि जो बंद पडला त्याच्याकडेच जाणे, इतका हा फरक आहे, आणि जोडण्यांची संख्या वाढते तशी त्याची किंमत कळते.

ही युक्ती क्रॉलरसाठी नवी नाही. 1998 मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी स्टॅनफर्डमध्ये उभारलेल्या गुगलच्या पहिल्या रूपाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातले क्रॉलर पायथनमध्येच लिहिलेले होते. प्रत्येक क्रॉलर एका वेळी सुमारे 300 जोडण्या उघड्या ठेवत असे, आणि असे चार क्रॉलर मिळून सर्वाधिक वेगात असताना सेकंदाला शंभराहून अधिक पाने आणत. नावावरून पत्ता शोधण्याचा ताण मोठा असल्यामुळे प्रत्येक क्रॉलरने सापडलेल्या पत्त्यांचा स्वतःचा साठा ठेवला होता. त्या काळी असा प्रोग्रॅम लिहिणे किचकट होते, कारण कोणती जोडणी कोणत्या टप्प्यावर आहे याची नोंद लिहिणाऱ्यालाच ठेवावी लागे.

[दृश्य: पडद्यावर प्रोग्रॅमच्या ओळी. ‘अवेट’ या शब्दावर प्रकाश.]

2014 मध्ये पायथन 3.4 बरोबर असिंकआयओ हे ग्रंथालय, म्हणजे वापरायला तयार अशा प्रोग्रॅमचा संच, आले, आणि 2015 मध्ये पायथन 3.5 ने असिंक व अवेट हे दोन शब्द भाषेच्या व्याकरणातच आणले. अवेट लिहिले, की तिथे हे काम थांबू शकते आणि तोवर दुसऱ्याला वेळ मिळू शकतो, असा त्याचा अर्थ होतो. लिहिलेला मजकूर वरून खाली सरळ वाचता येतो आणि नोंदी ठेवण्याचे काम भाषा स्वतः करते. मला ही सोय फार मोलाची वाटते.

मात्र हा शब्द केवळ लिहिल्याने काम होत नाही. नवशिके पुष्कळदा असिंक फंक्शनच्या पोटात पाने आणण्याचे रिक्वेस्ट्स हे नेहमीचे ग्रंथालय वापरतात किंवा ठरावीक वेळ थांबवणारी टाइम.स्लीप ही सूचना लिहितात. या दोन्ही गोष्टी सबंध थ्रेड अडवून धरतात. पायथन चूक दाखवत नाही, प्रोग्रॅम चालतो, उत्तरेही बरोबर येतात, पण सगळी कामे पूर्वीसारखीच एकामागून एक होत राहतात. हे टाळायला एआयओएचटीटीपीसारखे, असिंक्रोनस रीतीने पाने आणणारे, वेगळे ग्रंथालय आणि असिंकआयओचेच स्लीप वापरावे लागते.

यानंतरची चूक माझ्या हातून झाली. मी 10,000 पत्त्यांची 10,000 कामे केली आणि अनेक कामे एकत्र चालवणाऱ्या गॅदर या सोयीने सगळी एकदमच सुरू केली. एआयओएचटीटीपी एकूण जोडण्या आपणहून 100 वर थांबवते, हे मला ठाऊक होते आणि तेवढ्यावर मी निश्चिंत राहिलो. पण एकाच सर्व्हरकडे किती जोडण्या जाव्यात, यावर ते स्वतःहून बंधन घालत नाही. माझी यादी नेमकी एका लहान संस्थेच्या संकेतस्थळापासून सुरू होत होती. शंभरच्या शंभर जोडण्या तिकडेच गेल्या, आणि काही मिनिटांत ते संकेतस्थळ इतर कुणालाही उघडेनासे झाले. मी प्रोग्रॅम बंद केला आणि संस्थेला पत्र लिहून क्षमा मागितली. आपल्या वेळेची बचत दुसऱ्याच्या यंत्रावर टाकलेला भार ठरू शकते, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले.

त्यामुळे आता दोन बंधने वेगवेगळी असतात: एकूण जोडण्यांवर एक, आणि प्रत्येक सर्व्हरसाठी स्वतंत्र दुसरे. दुसऱ्यासाठी प्रत्येक सर्व्हरची वेगळी रांग ठेवतो आणि एका सर्व्हरला सेकंदाला एकच विनंती पाठवतो. त्यातून जो हिशेब निघतो, तो मला या सबंध विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 10,000 पाने एकाच सर्व्हरवर असतील, तर 10,000 सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून अधिक लागतील, आणि असिंक्रोनस रीत वापरल्याने त्यात एक सेकंदही कमी होणार नाही. तीच पाने 100 सर्व्हरांवर सारखी विभागलेली असतील, तर 100 सेकंद पुरतात. सेकंदाला 100 विनंत्या आणि प्रत्येकीला अर्धा सेकंद, म्हणजे कोणत्याही क्षणी सुमारे 50 जोडण्या उघड्या असतात. एवढ्या जोडण्या साधा संगणक सहज पेलतो. वेग वाढवायचा, तर संकेतस्थळांची यादी रुंद करावी लागते.

प्रत्येक संकेतस्थळाला पहिली विनंती रोबॉट्स.टेक्स्ट या फाइलसाठी जाते. कोणत्या भागात क्रॉलरने येऊ नये, हे संकेतस्थळाने सांगण्याची ही पद्धत 1994 मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी सुचवली, आणि 2022 मध्ये तिला आरएफसी 9309, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या मालेतला एक दस्तऐवज, म्हणून मानकाचे रूप मिळाले. सर्व्हरने 429 हा क्रमांक पाठवला, तर विनंत्या फार होत आहेत असा त्याचा अर्थ असतो. सोबत रिट्राय-आफ्टर हे शीर्षक असेल, तर त्यात किती वेळ थांबावे ते लिहिलेले असते. तेवढा वेळ त्या एका सर्व्हरची रांग झोपी जाते आणि बाकीच्या चालू राहतात.

[दृश्य: रात्र. खोलीत फक्त पडद्याचा उजेड.]

वाट पाहण्याचा प्रश्न असा सुटला, की त्याच्यामागे दडलेला दुसरा प्रश्न समोर येतो. आलेल्या पानातून मजकूर वेगळा काढायला समजा 50 मिलिसेकंद लागतात. सेकंदाला 100 पाने येत असतील, तर दर सेकंदाला पाच सेकंदांचे काम साठते. हे काम प्रोसेसरचे आहे आणि त्यात वाट पाहण्याजोगे काही नसल्याने अवेट इथे उपयोगी पडत नाही. उलट ते लूपमध्येच केले, तर तेवढा वेळ सगळ्या जोडण्या खोळंबतात. नेहमीच्या पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथनची सूचना चालवू शकतो, म्हणून थ्रेड वाढवूनही भागत नाही. मी लूपकडे फक्त पाने आणण्याचे काम ठेवले आहे. आलेले पान तो दुसऱ्या प्रोसेसकडे, म्हणजे वेगळ्या चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे, सोपवतो, आणि अशा पाच प्रोसेस शेजारी चालू असतात. त्यांच्यापर्यंतची रांग 500 पानांची आहे. ती भरली, की लूप नवी विनंती पाठवत नाही, आणि एखादे पान उचलले गेले, की पुन्हा पाठवू लागतो.