गोतावळ्यातला आनंद

आपल्या सिनेमात गे माणूस येतो तो कसा? २००३ सालचा हिंदी ‘कल हो ना हो’ घ्या. घरकाम करणारी कांताबेन दोन नायकांना एका अंथरुणात बघते, तिचा चेहरा पांढराफटक पडतो आणि थिएटर हसून लोळतं. गंमत म्हणजे त्या दोघांत गे कुणीच नाही. पाच वर्षांनी ‘दोस्ताना’. मायामीत भाड्यानं फ्लॅट मिळावा म्हणून दोघं जोडप्याचं सोंग घेतात. म्हणजे एकतर गैरसमज, नाहीतर सोंग. चुकून खरा गे माणूस आलाच, तर त्याला ना गाव, ना आत्या, ना चुलता.

मराठीत जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’नं १९८२ मध्येच दोन बायकांचं नातं थट्टा न करता दाखवलं होतं. पण कुठे? महिलाश्रमात. घरातून तुटलेल्यांच्या जागी.

मग आले प्राध्यापक रामचंद्र सिरस. खरेखुरे. मराठीतले कवी, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे. फेब्रुवारी २०१० मध्ये ते एका पुरुषासोबत असताना लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, आणि निलंबित झाले ते सिरसच! अलाहाबाद उच्च न्यायालयानं दिलासा दिला. त्याच एप्रिलमध्ये ते गेले. हंसल मेहतांच्या ‘अलीगढ’मध्ये मनोज वाजपेयींचे सिरस व्हिस्कीचा ग्लास घेऊन लताबाईंचं गाणं ऐकत बसतात, स्वतःशीच गुणगुणतात. इथे हसू येत नाही. पण खोलीत दुसरं माणूसही नाही.

माणसं आली ती रोहन कानवडेंच्या ‘साबर बोंडं’मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवणारा हा मराठी सिनेमा. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. घर पाहुण्यांनी भरलेलं. अनवाणी राहायचं, हे खायचं नाही, तिकडे जायचं नाही. आणि जो तो विचारतो, लग्नाचं काय?

आनंद गे आहे हे आईला ठाऊक आहे. वडिलांनाही होतं. त्यामुळे रडत कबुली देण्याचा तो ठरलेला प्रसंग इथे नाहीच. मायलेक मिळून नातेवाइकांना टोलवत राहतात. मला हे फार आवडलं. पार्श्वसंगीतही नाही. बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो, शेरडांमागे फिरता फिरता दोघांची जवळीक वाढते. काटे काढलेली साबर बोंडं, म्हणजे निवडुंगाची फळं, तोच आनंदला खाऊ घालतो.

वडील गेल्यावर गावच्या त्या दहा दिवसांत लग्नाचा हाच तगादा खुद्द कानवडेंच्या मागे लागला होता. तेव्हा आपला एखादा मित्र तिथे असता तर, या विचारातून बाळ्या जन्मला.