चामड्याची सीट भिजते ती कडेनं

मंडळी, बाइकच्या हातानं केलेल्या चामडी सीटचं 'वॉटरप्रूफिंग' म्हटलं की बहुतेकांचा हात आधी मेणाच्या डबीकडे जातो. वरचा पृष्ठभाग चकचकीत झाला की काम झालं असं वाटतं. पण पाणी वरून फारसं आत जात नाही. ते शिवणीच्या भोकांतून, कापलेल्या कडेतून आणि खालच्या पत्र्याकडून शिरतं. शिवाय पूर्ण जलरोधक चामडं नावाची वस्तू नसते. पाणी घसरून जावं आणि जे आत गेलंच त्याला बाहेर पडायला वाट राहावी, एवढंच आपल्या हातात असतं.

वनस्पतींच्या टॅनिननं कमावलेलं ३ ते ४ मिलिमीटरचं चामडं आपण धरून चालू. ते ओलं करून पॅनवर, म्हणजे सीटच्या खालच्या पत्र्यावर, बसवताना पॅन लोखंडी असेल, तर आधी प्लास्टिक गुंडाळा. ओल्या चामड्यातलं टॅनिन लोखंडाला लागलं की काळा-निळा डाग पडतो आणि तो हलक्या रंगाखाली लपत नाही. त्याच कारणानं रिव्हेट तांब्याचे किंवा स्टेनलेसचे घ्या. सुकवायचं ते सावलीत, एक-दोन दिवस. हीट गन मारलीत तर ओलं चामडं आकसतं, लाकडासारखं कडक होतं आणि पुन्हा मऊ होत नाही.

आता फिनिशिंग. इथं क्रम चुकला की पुढचं सगळं फुकट. रंग पूर्ण सुकल्यावर कोरड्या सुती फडक्यानं घासत राहा, फडकं स्वच्छ येईपर्यंत. याचा कंटाळा केलात तर उरलेला सुटा रंग पहिल्या पावसात बसणाऱ्याच्या पँटवर उतरतो. मग नीट्सफूट तेलाचे (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामडं मऊ ठेवणारं तेल) दोन पातळ हात द्या आणि २४ तास थांबा. तेल आत मुरायला वेळ लागतो, आणि वर ओलसर तेल असताना अॅक्रिलिक, म्हणजे वरचा संरक्षक फिनिश, लावलं तर त्याचे पापुद्रे निघतात. जास्त तेल पाजण्याचा मोह अनेकांना होतो. तसं केलं की चामडं लोळागोळा होतं, बसल्यावर ताणतं आणि उन्हात तेल वर येतं. मग अॅक्रिलिकचे दोन-तीन हात, तेही अगदी पातळ, प्रत्येक हात सुकल्यावरच पुढचा. एकाच जाड हाताला सीट वाकते तिथं तडे जातात, आणि तड्यातून शिरलेलं पाणी थराखालीच अडकतं. आतली खरखरीत बाजू मात्र अॅक्रिलिकनं बंद करू नका. ओल तिथूनच बाहेर पडते.

मेण सगळ्यात शेवटी, आणि तेही थोडंच. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळतं. भर उन्हात उभ्या काळ्या सीटचं तापमान त्याच्या आसपास जाऊ शकतं, म्हणून जाड थर चिकट होतो, धूळ धरतो आणि कपड्यांना लागतो. थोडं कार्नोबा मेण (एका ताडाच्या पानांवरचं मेण) मिसळलं तर थर जास्त टणक राहतो, कारण ते ८० अंशांच्या पुढे वितळतं.

शिवण ही खरी कसोटीची जागा. सुती दोरा कुजतो, नायलॉन उन्हानं लवकर कमजोर होतो, म्हणून मेण लावलेला जाड पॉलिस्टर घ्या. आरीचं भोक दोऱ्यानं घट्ट भरेल एवढंच ठेवा. एका सेंटिमीटरला दोन-तीन टाके पुरतात. भोकं जास्त जवळ पाडलीत तर चामडं तिकिटासारखं फाटतं. शिवून झालं की टाके हलक्या हातोडीनं ठोकून बसवा आणि वरून थोडं मेण चोळा.

कडांचं काम दिसायला छोटं, पण वेळ तेच खातं. वरचा आणि खालचा तुकडा शिवून एकजीव झाल्यावर कड घासून सपाट करा, कोन गोल करा, ट्रॅगाकांथ डिंक किंवा साधं पाणी लावून लाकडी स्लिकरनं (कड घोटायच्या खाचेच्या दांड्यानं) घोटा. तंतू दबून कड काचेसारखी लागली पाहिजे. मग गरम मेण. एकदा घोटून थांबू नका, तीन-चार फेऱ्या लागतात.

आणि फोम. उघड्या पेशींचा फोम स्पंज असतो. तो भिजला तर चामडं आतून आठवडाभर ओलं राहतं आणि बुरशी धरते. बंद पेशींचा वापरा. पॅनला सगळ्यात खोलगट जागी ४-५ मिलिमीटरची दोन भोकं पाडा, पाण्याला वाट म्हणून. भोकांच्या कडांना रंग लावायचं विसरू नका, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

भिजलेली सीट पुसून, सावलीत, झाकण न घालता वाळवायची. ओल्या सीटवर प्लास्टिकचं कव्हर चढवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. पुन्हा फिनिश कधी द्यायचं ते पाण्याचा थेंब सांगतो. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर सीटला हात लावू नका. पसरून मिनिटभरात डाग गडद झाला, तर आधी सीट स्वच्छ करून पूर्ण वाळवा आणि मगच मेण लावा. हीच परीक्षा शिवणीवरही करा, तिथं थेंब आधी मुरतो.